मालवणच्या पलीकडचा निवांतपणा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण हे कायम वस्तीच्या हिशेबाने लहान शहर आहे. 2011च्या जनगणनेत तिथे वीस हजार माणसेही भरली नव्हती. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत मात्र ते स्वतःच्या मापात मावत नाही. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तो परक्याला या किनाऱ्याला लागू न देण्यासाठी. जंजिऱ्याच्या सिद्दीला जे साधले नाही ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-कोल्हापूरच्या कुटुंबांना सहज साधते. धक्क्यावर रांग लावायची, तिकीट काढायचे, लाइफ जॅकेटचा पट्टा कोणाच्या पोटावर पुरत नाही हे पाहून हसायचे आणि थोड्याच वेळात किल्ल्याच्या दाराशी उतरायचे. 1997 साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता शेजारच्या तारकर्लीत समुद्राच्या पृष्ठभागावर, समुद्राच्या वर हवेत आणि समुद्राच्या तळाशी अशा तिन्ही मजल्यांवर पर्यटक असतात. तळाशी गेलेल्यांना मासा आणि आपला चेहरा एकाच चौकटीत हवा असतो. मासे फार काळ सहकार्य करत नाहीत.

या गर्दीपासून दूर जाण्याची इच्छा गर्दीतल्या प्रत्येकाला असते आणि आसपासच्या गावांचे पर्यटन त्याच इच्छेवर उभे आहे. क्रम साधारण ठरलेला आहे. कळंगुट-बागाला विटलेला माणूस तारकर्लीला येतो, तारकर्लीला विटलेला देवबागला जातो, देवबागला विटलेला खाडी ओलांडून भोगव्याला, तिथून निवतीला, निवतीहून खवण्याला. उत्तरेकडे वळलेले तोंडवळी, तळाशील, आचरा करत देवगड तालुक्यातल्या मिठबावपर्यंत पोचतात. प्रत्येक गावात आधी पोचलेला माणूस नंतर आलेल्याकडे गर्दी म्हणून पाहतो, मग तो नंतर आलेला एकटा का असेना. दक्षिणेच्या शाखेला शेवट आहे, पण तो फारसा उपयोगाचा नाही. वेंगुर्ले, शिरोडे, रेडी असे खाली खाली सरकत गेले की तेरेखोलचा किल्ला लागतो आणि किल्ल्यापासून पुन्हा गोवा सुरू होतो.

ही गावे इतकी वर्षे शांत का राहिली याचे उत्तर भूगोलात सापडते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्या समुद्राला मिळताना मुखाशी वाळूचे दांडे तयार करतात. देवबाग हा असाच एक दांडा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, माड आणि एकच रस्ता. पुढच्या दारात उभे राहिले तर लाटा, मागच्या दारात खाडी, अशी घरे इथे आहेत. पावसाळ्यात समुद्र पुढच्या अंगणाची मोजणी करून जातो, म्हणून दगडी बंधारे घालावे लागतात. गड नदीच्या मुखाशी तळाशीलचा दांडाही याच घडणीचा. दांड्याच्या टोकाला पोचलेल्या माणसाला समोरचे गाव स्पष्ट दिसते, त्या गावातली माणसेही ओळखू येतात, पण तिथे जायचे तर होडी लागते. देवबागहून भोगवे होडीने काही मिनिटांवर आहे. मोटारीने निघालेला माणूस मालवण तालुक्यातून कुडाळ तालुक्यात शिरतो, नेरूरच्या बाजूने वळसा घालतो आणि वेंगुर्ले तालुक्यात परुळ्यावरून खाली उतरतो. समोरच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला तीन तालुके लागतात. एवढ्या प्रवासात माणसाला सासुरवाडीही पालटता येईल.

तात्पर्य, निवांतपणा हा पूल नसण्याचा परिणाम आहे. यावर पर्यटक आणि ग्रामस्थ यांच्यात मूलभूत मतभेद आहेत. पर्यटकाला पूल नको असतो, कारण पूल आला की गावाचा आत्मा हरवतो असे त्याचे मत असते. हे मत तो दोन दिवसांत बनवून तिसऱ्या दिवशी चौपदरी रस्त्याने घरी जातो. ग्रामस्थाला पूल हवा असतो, कारण त्याला शाळा, दवाखाना, तहसील कचेरी आणि मासळीचा बाजार हे सगळे आत्म्यापेक्षा वरचेवर लागते. रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग अनेक दशके चर्चेत आहे. त्याच्या काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर आश्वासने झाली. दरम्यान परुळे-चिपीच्या सड्यावर 9 ऑक्टोबर 2021 रोजी विमानतळच सुरू झाला. त्यामुळे भोगव्याजवळ आकाशातून उतरता येते आणि मग तिथून पुढे जायला रिक्षा शोधावी लागते.

बरेच लोक अजून रेल्वेने येतात. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली खुला झाला. रात्री मुंबईत कोकणकन्येत बसलेला माणूस सकाळी कणकवली किंवा कुडाळला उतरतो. स्टेशन समुद्रापासून बरेच आत आहे हे त्याला उतरल्यावर कळते. पुढचा प्रवास एसटीने किंवा सहा आसनी रिक्षाने होतो. घरूनच स्वतःच्या मोटारीने आलेल्यांना मोबाइलमधला नकाशा वाट दाखवतो. नकाशाला पाणंद आणि रस्ता यांतला फरक कळत नाही, त्यामुळे मोटार हमखास कोणाच्या तरी खळ्यात जाऊन थांबते. तिथे सुकत घातलेले कोकम असते आणि कोकमाच्या पलीकडे एक आजी. रस्ता विचारल्यावर आजी आधी विचारते, “तुमी खंयचे?” या प्रश्नाला गावाचे नाव हे उत्तर पुरत नाही. आडनाव, मूळ गाव, देवक, मुंबईत राहण्याचे ठिकाण आणि आईचे माहेर अशा क्रमाने चौकशी होते. मुळात कोकणातला असलेला पर्यटक चौथ्या प्रश्नापर्यंत आजीचा नातेवाईक ठरतो. देशावरचा असेल तर त्याच्याविषयी थोडी हळहळ व्यक्त होते आणि रस्ता सांगितला जातो. त्या रस्त्यात वळणांच्या खुणा म्हणून पिंपळ, पडकी विहीर आणि जिथे पूर्वी दुकान होते ती जागा असते.

राहण्याची सोय घरातच होते. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने हा व्यवहार रूढ केला, आता बऱ्याच घरांनी तो आपापल्या पद्धतीने चालवला आहे. माडांच्या बागेत दोन-चार खोल्या, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. घराचा अर्धा भाग पाहुण्यांचा आणि अर्धा घरच्यांचा, पण सीमारेषा कोंबड्यांना मान्य नसते. जेवणाचे आधी सांगावे लागते. येताना पर्यटकाच्या मनात सुरमई आणि पापलेट ही दोनच नावे असतात. घरच्या काकी मात्र त्या दिवशी जाळ्यात जे गावले असेल ते रांधतात. पेडवे, सौंदाळे, मुडदुशी, बांगडे यांची आमटी आणि सोलकढी पुढे आल्यावर पर्यटक आधी काट्यांविषयी आणि मग भाताविषयी विचारतो. दुसऱ्यांदा भात मागणे ही इथली पावती समजली जाते. सोमवारी आलेल्यांचे वेगळे होते. पुष्कळ घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत, त्यामुळे पाचशे किलोमीटर मासे खायला आलेल्या माणसाला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या मिळतात. त्या खरे तर अधिक चांगल्या असतात, पण हे त्याला मंगळवारी पटते. 1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत ताज्या सुरमईचा आग्रह धरणाऱ्याला सुरमई मिळते, फक्त तिने पर्यटकापेक्षा लांबचा प्रवास केलेला असतो.

आता प्रत्यक्ष शांततेविषयी. समुद्रकाठचे गाव शांत असते हा समज पहिल्या रात्रीपुरता टिकतो. लाटांचा आवाज संध्याकाळी सुंदर वाटतो, पण तो बंद होत नाही. पहाटे होड्यांची इंजिने सुरू होतात. त्याच सुमारास रात्री मुक्कामाला आलेली वस्तीची एसटी पहिल्या फेरीसाठी तयार होते. इंजिन गरम होईपर्यंत चालक ते सुरू ठेवतो आणि वाहक त्या वेळात साऱ्या वाडीची विचारपूस करून घेतो. देवळाचा भोंगा, कोंबडे, विहिरीचा रहाट आणि मासळीची वाट पाहणारे कावळे आपापल्या वेळा पाळतात. सकाळ झाली की किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडी समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळे टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते जाळे तासन्‌तास ओढतात. जाळे जवळ येते तसा आरडाओरडा वाढतो, मासळी वाळूवर पडते, वाटे पडतात, लिलाव होतो. फार मासळी सापडली तर आनंदाचा गोंगाट असतो आणि कमी सापडली तर पर्ससीन जाळी वापरणाऱ्या नौकांच्या नावाने. या नौकांशी असलेल्या वादात पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले आहेत, समुद्रात त्यांना अडवले आहे. पर्यटक या वेळी दोराला हात लावून छायाचित्र काढून घेतो. छायाचित्र निघाले की दोर सोडतो, तो नेमका सगळ्यात जड असतो तेव्हा.

खरी शांतता दुपारी एक ते चार या वेळेत मिळते. पहाटे तीन-चारला उठलेले गाव जेवून आडवे होते. दुकानांच्या फळ्या लागतात, कुत्री होड्यांच्या सावलीला जातात, आणि थंड पाण्याची बाटली शोधत फिरणारा एकटा पर्यटक सोडला तर रस्त्यावर कोणी नसते. ही शांतता कोणत्याही दरपत्रकात नसते. ती गावाने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते आणि तिच्यात व्यत्यय आणणाऱ्याला बाटली मिळते, हसू मिळत नाही.

रात्रीही भरवसा नाही. कार्तिक संपत आला की देवळांच्या जत्रा सुरू होतात. जत्रेत दशावतारी दहीकाला होतो. हार्मोनियम, पखवाज आणि झांजा यांच्या साथीने राक्षस आणि देव मध्यरात्रीनंतर एकमेकांना आव्हाने देतात. संहिता लिहिलेली नसल्यामुळे युद्ध कधी संपेल हे राक्षसालाही ठाऊक नसते. जवळच मसुरे गावातली आंगणेवाडी एरवी नकाशावर सहज सापडू नये एवढी वाडी आहे, पण भराडीदेवीच्या यात्रेला तिथे लाखो लोक आणि मुंबईतले झाडून सगळे पुढारी येतात. यात्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते, मगच रेल्वे, एसटी आणि पुढारी आपापली वेळापत्रके जुळवतात. या दिवसांत शांतता शोधायला निघालेल्या माणसाने तारीख आधी विचारून घ्यावी. आरवलीला आणखी निराळी व्यवस्था आहे. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. फिरून चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला हातभराहून मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री उशिरा किनाऱ्यावरून गाणी म्हणत परतणाऱ्या तरुण पर्यटकांना या चपला दिवसा दाखवून ठेवल्या तर फरक पडतो.

तरीही गावे रिकामी दिसतात हे खरे आहे आणि त्याचे कारण निसर्गसौंदर्य नाही. 2001 साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 साली ती 8,49,651 भरली. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा घटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात 1036 आणि रत्नागिरीत 1122 स्त्रिया होत्या. पुरुषांहून स्त्रिया जास्त असलेले महाराष्ट्रात हे दोनच जिल्हे. मुंबईत गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून इथला कर्ता पुरुष लालबाग-परळला जात राहिला, आणि गिरण्या बंद पडल्यावर तो विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकला. गावाचा निम्मा आवाज अशा रीतीने लोकलच्या दाराशी उभा आहे. त्या लोकलला कंटाळलेला दुसरा कोणी गावी येतो, कुलूपबंद घरांसमोर उभा राहतो आणि इथल्या लोकांना जगण्याचे रहस्य कळले आहे असे म्हणतो. ज्यांना ते कळले होते ते सकाळच्या 7.42ला गेलेले असतात.

या कुलूपबंद घरांमुळे किनारा वाचला हेही नोंदवले पाहिजे. केंद्र सरकारने 1991 साली किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली, पण भरतीरेषेलगतच्या जमिनीचे अधिक परिणामकारक रक्षण सामायिक सातबाऱ्याने केले आहे. पणजोबांच्या नावावरची दहा गुंठे जमीन आता तीस-चाळीस नावांवर असते. त्यातले काही मुंबईत, काही बडोद्यात, एखादा दुबईत, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत आणि एकाचा पत्ता फक्त देवाला ठाऊक. मोठ्या हॉटेलसाठी जमीन पाहायला आलेला गुंतवणूकदार पहिल्या दिवशी सूर्यास्तावर बोलतो, दुसऱ्या दिवशी वारसनोंदींवर. तिसऱ्या दिवशी तो बहुधा निघून जातो आणि सुरूच्या बनाला आणखी दहा वर्षे मिळतात. भाऊबंदकीचे असे पर्यावरणीय मोल कोणत्याही अहवालात धरलेले आढळत नाही.

शांततेचा कळस आचऱ्याला पाहायला मिळतो, पण तो पर्यटकांसाठी नसतो. तिथे साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. तीन दिवस आणि तीन रात्री अख्खे गाव वेशीबाहेर जाते. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, सगळे. हजारो लोक वेशीपलीकडे राहुट्या उभारून राहतात, चुली मांडतात, भजने करतात, पत्ते कुटतात, गजाली मारतात. गावात दिवा नसतो, चूल नसते, माणसाचा आवाज नसतो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावला जातो आणि देवाने होकार दिला तरच परतायचे, नाही तर मुक्काम वाढतो. शेजारच्या चिंदर, मुणगे या गावांतही ही प्रथा आहे. पर्यटनाच्या भाषेत पाहिले तर सगळे गावच सहकुटुंब सहलीला गेलेले असते, खोली आरक्षित न करता आणि गावापासून हाकेच्या अंतरावर. ज्या तीन दिवसांत आचऱ्यात पूर्ण शांतता असते त्या तीन दिवसांत तिथे कोणालाही थांबू देत नाहीत.

अलीकडे या गावांचा शोध लागण्याचा वेग वाढला आहे. पूर्वी एखादा किनारा माहीत व्हायला मामेभाऊ लागत असे, आता पंधरा सेकंदांची चित्रफीत पुरते. चित्रफितीत किनाऱ्यावर कोणी नसते, कारण जे होते त्यांना बाजूला व्हायला सांगितलेले असते. पुढच्या शनिवारी तिथे गाड्या लागतात, त्यानंतरच्या शनिवारी शहाळ्यांची टपरी, मग ‘येवा, कोकण आपलाच आसा’ असा फलक आणि त्याच्याखाली ‘खाजगी जागा, गाडी लावू नये’ असा दुसरा. सगळेच वाईट होते असे नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत महिला बचतगटाने कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. ज्या बायकांना गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते त्या आता परजिल्ह्यातल्या प्राध्यापकांना कांदळाच्या जाती शिकवतात आणि होडीत उभे राहिल्याबद्दल रागावतातही.

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर हे सगळे आवरते. जलक्रीडा बंद होतात, खाटा आणि छत्र्या आत जातात, पडवीला झापांचा आडोसा लागतो, आणि खोल्यांचा मालक तरवा पेरायला जातो. लावणीच्या महिन्यात गावाला बोलायलाही सवड नसते. भाद्रपदात गणपती येतात आणि त्यांच्या आगेमागे मुंबईकर. जादा गाड्या भरून येतात, कुलपे निघतात, रात्र रात्र डबलबारीची भजने रंगतात. त्या दिवसांत शांत जागा हवी म्हणून फोन करणाऱ्या पर्यटकाला खोली शिल्लक नाही असे सांगितले जाते. सगळ्या खोल्यांत मालकाचे सख्खे आणि चुलत भाऊ उतरलेले असतात. त्यांच्याकडून भाडे घेता येत नाही, उलट आरती झाल्यावर मागच्या पडवीत बैठक बसते आणि वर्षभरात या खोल्यांचे किती आले, त्यातला वाटा कोणाचा किती, आणि मुळात या खोल्या कोणाच्या हिश्शात बांधल्या याची चर्चा सुरू होते.